आठ वाजताचं पाणी

तलावाकाठच्या वस्तीत त्याला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे 'आठवाजे' म्हणत. नवख्या माणसाला ते आडनावच वाटायचं; टपाल वाटणाऱ्यानं तर एकदा 'श्री. आठवाजे' असा पत्ता घातलेली लग्नपत्रिका शंका न घेता त्याच्या हातावर ठेवली होती. कारण अगदी साधं होतं. एकतीस वर्षं, रोज सकाळी आठला, हा माणूस धरणाच्या भिंतीलगतच्या दगडी पायऱ्या उतरायचा, शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवा बसायचा आणि पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा. पलीकडच्या दुकानदारानं त्याला पायऱ्या उतरताना पाहिलं की तो फळ्या काढायला लागे. घड्याळ कुठेही असो, आठ तिथेच वाजायचे.

वाचायची त्याची एक रीत होती. आधी खिशातलं फडकं ओलं करून पट्टीवरचं शेवाळ पुसायचं. मग लाटा निवेपर्यंत गप्प बसायचं. आकडा तीनदा वाचायचा, मधला धरायचा, छोट्या वहीत पेन्सिलीनं टिपायचा. तिथून दोन मैलांवरच्या कचेरीत जाऊन तोच आकडा शाईनं मोठ्या नोंदवहीत उतरवायचा आणि खाली सही करायची. सुट्टी असो, ताप असो, आकडा चुकला नाही. नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, आणि एकतीस वर्षांत तो त्यानं फक्त चारदा वापरला होता. त्यातला एक शेरा कचेरीत अजून सांगून हसत: 'पट्टीवर साप असल्याने त्यास काठीने बाजूस करून आकडा घेतला.'

बायको म्हणायची, घरातलं मीठ संपलेलं ह्यांना दिसत नाही, पण तलाव दोन बोटं उतरला की जेवण उतरत नाही. त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्याची मोठी बहीण तलावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिथे तलावाचा एक हात दोन टेकड्यांच्या मधे शिरला होता. त्याला सगळे 'कोपरा' म्हणत. पाणी उथळ, तळाला मऊ गाळ, काठाला बुडालेलं गवत. ताईच्या नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून होडी आणि जाळं तीच सांभाळत होती. आठवाज्यांहून ती नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी ओढा ओलांडताना तिनं त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि तो अजून तिथेच बसलाय अशा थाटात ती त्याच्याशी बोलायची.

ताईकडे पट्टी नव्हती. तिचं माप अंगाचं. घोटाभर पाणी, गुडघाभर पाणी, कंबरभर पाणी. आणि मासा सांगायचा झाला की दोन्ही हात पसरायचे. सांगता सांगता ते हात एकमेकांपासून लांब जात राहायचे. आठवाज्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं की ताईच्या मापातून निम्मं वजा करायचं. आजवर त्याचा हिशेब बरोबर यायचा.

दोन वर्षांपूर्वी धरणाच्या वीजघरात नवीन यंत्र बसलं. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याच्या तोंडी ताई म्हणाली, दुपारी पाणी पळून जातं. हा म्हणाला, कुठे पळेल, रोजचा आकडा तर जागच्या जागी आहे. ती म्हणाली, कंबरभर जातं. त्यानं मनात निम्मं केलं, मग आणखी थोडं कमी केलं, आणि विषय सोडला.

पण ह्या वर्षी ती त्याच्या घरी चालत आली, आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. जाळ्यात आता फक्त मोठे मासे येत होते. बोटाएवढं पिल्लू दोन वर्षांत एकही नाही.

"ज्या घरात नुसते आजोबाच उरलेत, ते घर किती दिवस चालायचं?" ती म्हणाली.

थंडी सरून पाणी कोमट झालं की कोपऱ्यातले मासे काठाच्या गवतात येत, गवताला चिकटवून अंडी घालत. अंडी फुटायला पाच-सहा दिवस लागत. तेवढे दिवस गवत पाण्याखाली राहिलं की झालं. गेली दोन वर्षं ते राहिलं नव्हतं, असं ताईचं म्हणणं. तिसरंही वर्ष असंच गेलं तर थकलेले मासे मरतील, आणि कोपरा रिकामा होईल. मग होडी उलटी करून तिच्यावर वाळवणं घालायची, दुसरं काय.

आठवाज्यांनी बहिणीसाठी एक गोष्ट केली. मत्स्य खात्यातल्या एक बाई महिन्यातून एकदा त्यांच्या कचेरीत यायच्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणाऱ्या आणि प्रत्येक प्रश्नाआधी 'माफ करा हं' म्हणणाऱ्या. त्यांना त्यानं ताईकडे नेलं. बाईंनी कोपरा पाहिला, ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि एक तोडगा सांगितला. झुडपांच्या डहाळ्यांचे भारे बांधायचे. प्रत्येक भारा रिकाम्या डब्यांच्या तराफ्याखाली टांगायचा आणि तराफा दगडाला बांधून एका जागी ठेवायचा. मासे गवताऐवजी त्या डहाळ्यांना अंडी चिकटवतात. पाणी चढलं की भारा चढतो, उतरलं की उतरतो. अंडी पाण्यातच राहतात. फक्त एक पथ्य: तराफ्याखाली पाणी पुरेसं हवं. तळ उघडा पडला तर भारा काय आणि गवत काय, सारखंच.

"माफ करा हं, पण ह्या दिवसांत पाणी जास्तीत जास्त किती उतरतं?" बाईंनी विचारलं.

ताईनं हात कंबरेला लावला. आठवाज्यांनी पिशवीतून वही काढली. त्यानं आदल्याच दिवशी एकतीस वर्षांचे, अंडी घालायच्या ह्या तीन आठवड्यांचे आकडे उतरवून आणले होते. सर्वांत मोठा उतार चाळीस सेंटिमीटर. तोसुद्धा एकदाच, अठरा वर्षांपूर्वी. बाईंनी वही पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. असं सलग, एकाच हाताचं काम त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. त्याचे कान लाल झाले.

जागा त्यानंच ठरवली. कंबरेला थोडं कमी पाणी. दीड वीत लांबीचा भारा, त्यावर चाळीस सेंटिमीटरचा उतार धरला तरी खाली वीतभर पाणी शिल्लक. ताईचं म्हणणं होतं, आणखी आत, काळ्या खडकापलीकडे नेऊ. तो म्हणाला, तिथे पाणी गार आहे, मासे तिथे अंडी घालायला जाणार नाहीत. हे बाईंनाही पटलं. ताई भावाच्या वहीकडे बघत राहिली. तिला त्या वहीतलं काही वाचता येत नव्हतं असं नाही; पण त्याच्या अक्षराचा तिला फार अभिमान होता, आणि अभिमानापुढे माणूस वाद घालत नाही.

शनिवारी भारे सोडले. चौदा. ताईनं पंधरावा बांधला आणि भावाला न विचारता एकटीच होडीनं जाऊन खडकापलीकडे सोडून आली. "माझा एक माझ्या कंबरेच्या हिशेबानं," ती म्हणाली. तो हसला.

रविवारी आठचा आकडा घेऊन तो मुद्दाम कोपऱ्यावर गेला आणि दुपारभर तिथेच बसला. पाणी उतरलं, पण केवढं? चार बोटं. त्यानं बहिणीला ती चार बोटं उभी करून दाखवली. ती एवढंच म्हणाली की आज सुट्टी आहे. सुट्टीचा आणि पाण्याचा काय संबंध, असं त्याला वाटलं, आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं. ह्याच रविवारी पहाटे मासे आले होते. उथळ पाण्यात पाठी चमकत होत्या, शेपट्यांचे फटकारे घरापर्यंत ऐकू येत होते. ताईनं एक भारा जरासा उचलून दाखवला. प्रत्येक डहाळीला मोहरीएवढे पारदर्शक मणी, इतके दाट की साल दिसत नव्हती. तिचा नवरा काठी टेकत दारापर्यंत आला आणि तिथूनच विचारू लागला, आहेत का, आहेत का. ताईनं दोन्ही हात पसरले. ह्या वेळी आठवाज्यांनी काही वजा केलं नाही.

सोमवारी आठचा आकडा रविवारएवढाच होता, एका सेंटिमीटरनंही कमी-जास्त नाही. आकडा शाईनं लिहून तो इतर कामाला लागला. साडेअकराला कचेरीतला फोन वाजला. ताई सहसा फोन करत नसे. फोनवर ती ओरडून बोलायची, कारण भाऊ लांब आहे हे तिला माहीत होतं. आज ती ओरडली नाही.

"ये," ती म्हणाली. "पाणी गेलंय."

सायकलीनं पोहोचायला त्याला पाऊण तास लागला. शेवटच्या वळणावरून कोपरा दिसला, आणि तो सायकलीवरून उतरला. जिथे काल पाणी होतं तिथे गाळ चमकत होता, ओला, करडा, नुकताच सारवल्यासारखा. त्या गाळात चौदा तराफे वाकडेतिकडे बसले होते आणि त्यांच्याखाली डहाळ्या चिरडून पसरल्या होत्या. पाणी पन्नास पावलं मागे गेलं होतं आणि अजून जात होतं. ते जाताना दिसत नव्हतं, पण एक दगड जो आधी नव्हता तो आता होता, आणि थोड्या वेळानं त्याच्या शेजारी दुसरा.

एकतीस वर्षांत त्यानं हा तलाव बारा वाजता कामाच्या दिवशी पाहिला नव्हता. कामाच्या दिवशी बारा वाजता तो कचेरीत ह्याच तलावाचे आकडे उतरवत असे. सुट्टीच्या दिवशी पाहिलं होतं, पण सुट्टीला शहरात कचेऱ्या बंद, कारखाने बंद, विजेची मागणी कमी, वीजघर निवांत. नवीन यंत्र आल्यापासून कामाच्या दिवशी नऊच्या पुढे ते तलाव घटाघट पीत होतं. दुपारी तीनला थांबायचं, मग वरच्या धरणातून संध्याकाळ-रात्रभर पाणी उतरायचं आणि सकाळी आठच्या आत तलाव पुन्हा भरायचा. शाळेत हजेरीपुरता येऊन बसणाऱ्या मुलासारखा. हजेरी घेणाऱ्याला काय कळणार?

ताई गाळात उतरली होती. तिनं घराच्या दाराला लावायची फळी आडवी टाकली होती, तिच्यावरून चार पावलं गेली, आणि फळीसकट खाली जायला लागली. त्यानं दोरी टाकून तिला ओढून काढलं. मांडीपर्यंत गाळ. तिनं पुन्हा जायचं म्हटलं, त्यानं दोरी सोडली नाही. होडी खडकापाशी गाळात रुतून बसली होती. बादल्यांनी पाणी फेकून पाहिलं. ते पहिल्या तराफ्याच्याही अलीकडे पडलं. ऊन चढत होतं. डहाळ्या आधी चमकत होत्या. नंतर त्यांची चमक एकेक करून जायला लागली.

त्यानं ताईच्या फोनवरून वीजघराच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथल्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण अकरा वर्षं रोज सकाळी आकडा कळवताना आवाजाची ओळख झाली होती. त्याच्या मुलीची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, सगळं आकड्याच्या मागोमाग दोन वाक्यांत यायचं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोन तास यंत्र थांबवता येईल का, असं आठवाज्यांनी विचारलं. मग आठवाजेच म्हणाले, एक तास. मग म्हणाले, निदान हळू तरी.

"काका, बटण माझ्या बोटाखाली आहे, पण बोट माझं नाही," पलीकडचा म्हणाला. "किती वीज हवी ते वरून येतं. वरच्यांना शहराकडून. आणि शहराला कोण विचारणार?"

आठवाजे म्हणाले, पण एका दिवसात एवढं पाणी उतरवायचं नाही असा नियम आहे ना.

"आहे की. अर्धा मीटर. आज आठ ते उद्या आठ असं मोजतात." त्याला ते सांगायला बरं वाटत नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं. "तुमच्याच आकड्यांवर आम्ही नियमात आहोत, काका."

आठवाज्यांनी फोन ताईच्या हातात दिला आणि ते काठावर बसले. ताईही शेजारी बसली. तिच्या पायांवरचा गाळ वाळून पांढरा व्हायला लागला होता आणि ती तो नखानं काढत होती. बगळे आले. ते हलके असतात, गाळात रुतत नाहीत. तराफ्यातराफ्यावर एकेक उतरले आणि सावकाश, घाई नसलेल्या पाहुण्यांसारखे डहाळ्यांमधून टिपत राहिले. ताईनं पहिल्या बगळ्याला ढेकूळ मारलं. दुसऱ्याला मारलं नाही.

तीनच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली होतं. तेव्हा त्यांना पंधरावा तराफा नीट दिसला, काळ्या खडकापलीकडे, पाण्यावर ऐटीत डुलत होता. पाणी पुन्हा चढल्यावर, अंधार पडायच्या आत, ताई होडीनं जाऊन तो घेऊन आली. भारा ओला होता, हिरवा होता, आणि त्यावर एकही अंडं नव्हतं. मासे तेवढ्या गार पाण्यात गेलेच नव्हते. पाण्याबद्दल ताई बरोबर निघाली होती, माशांबद्दल तो. आणि दोघांचं बरोबर असणं मिळून हातात एक कोरी डहाळी आली होती.

तो माफी मागायला लागला. तिनं मागू दिली नाही. म्हणाली, "मी सांगितलं होतं कंबरभर. तू किती धरलंस?"

तो म्हणाला, निम्मं.

"लहानपणापासून?"

त्यानं मान हलवली. तिनं कोरी डहाळी होडीत टाकली. मग म्हणाली की माशांच्या बाबतीत ते ठीक होतं.

मंगळवारी सकाळी तो पायऱ्या उतरला. पट्टी पुसली, लाटा निवू दिल्या, आकडा तीनदा वाचला. रविवारचाच. पाणी काठोकाठ, निर्मळ, जणू कुठे गेलंच नव्हतं. पेन्सिल हातात घेऊन तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला, इतका की पलीकडचा दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. एक मीटर कमी लिहायला किती लागतं? एक आकडा बदलायचा. तेवढ्यानं नियम मोडला असं कागदावर आलं असतं, चौकशी झाली असती, कदाचित यंत्र चार दिवस थांबलंही असतं. पण आठ वाजता पाणी तिथे होतं. ते खोटं नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला खऱ्या आकड्याची चीड आली, आणि तरीही त्यानं तोच लिहिला, कारण दुसरा त्याच्या हाताला येईना.

कचेरीत जाऊन मात्र त्यानं शेऱ्याचा रकाना वापरला. पाचवा शेरा. 'काल दुपारी तीन वाजता कोपऱ्याकडील पाणी अंदाजे एक मीटर उतरले होते. चौदा भाऱ्यांवरील अंडी वाळली.' दुपारी नोंदवहीची नक्कल करणारा कारकून आला. तो भला माणूस होता. त्यानं शेरा वाचला, दोनदा वाचला, आणि हळूच सांगितलं की वर फक्त तारीख आणि आकडा जातो. शेऱ्याचा रकाना वरच्या तक्त्यात नाहीच. कधीच नव्हता. सापाचं आम्ही आमच्यातच वाचलं होतं, तो म्हणाला.

मत्स्य खात्याच्या बाईंनी अर्ज केला: दुपारी दुसरा आकडा घेण्याची परवानगी मिळावी, आणि निदान अंडी घालायच्या तीन आठवड्यांत पाणी स्थिर ठेवावं. त्यांनी तो मनापासून लिहिला होता. आठवाज्यांनी तो वाचला, त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. उत्तर यायला दोन महिने लागले. आलेल्या नोंदींमध्ये पाणीपातळीत लक्षणीय चढउतार आढळत नसल्याने दुसऱ्या वेळेच्या नोंदीची आवश्यकता वाटत नाही, असं त्यात होतं. सोबत पुरावा म्हणून त्याच्याच आकड्यांचा तक्ता जोडला होता. बाई कचेरीत येऊन त्याला ते दाखवताना माफ करा म्हणाल्या. ह्या वेळी पुढे प्रश्न नव्हता.

त्या वर्षीही कोपऱ्यात पिल्लं दिसली नाहीत. ताईनं जाळं वाळत घातलं ते बरेच दिवस काढलंच नाही. होडी उलटी केली नाही, एवढंच. विचारलं तर म्हणायची, उलटी करायला दोन माणसं लागतात.

आठवाज्यांची कचेरी सुटायची पाचला. दुपारी तीनला त्यांना कोपऱ्यावर जाता येत नसे, आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. म्हणून मग एक नवीन पद्धत पडली. कोणी ती ठरवली नाही. कामाच्या दिवशी तीन वाजता कचेरीतला फोन वाजतो. दोन वाक्यंही नसतात. ताई काठावर, तिनं नव्यानं रोवलेल्या खुंटापाशी उभी असते आणि पाणी कुठवर गेलं ते सांगते. आठवाजे खणातून जुनी, पाठकोरी वही काढतात. ती कोणी मागितलेली नाही, तिच्यावर शिक्का नाही, ती वर कुठे जात नाही. तारीख टाकतात, वेळ टाकतात.

"किती?" ते विचारतात.

"कंबरभर," ताई म्हणते.

ते कंबरभर लिहितात. पूर्ण.